वन्संची गादी

लंडनला जाऊन काय काय पाहिलंस, असं सांगलीला परत आल्यापासून गल्लीतल्या प्रत्येकीचं विचारून झालं. राणीचा राजवाडा पाहिला का, ते मोठं घड्याळ पाहिलं का, नदीकाठचा आकाशपाळणा पाहिला का. पाळणा लांबून पाहिला. घड्याळ बसच्या खिडकीतून पाहिलं. राजवाड्यासमोर माझा एक फोटो आहे, त्यात राजवाडा थोडा आणि माझी छत्री फार आली आहे. उरलेला सगळा वेळ मी माणसं पडताना पाहिली. चांगली धडधाकट, शिकलीसवरलेली, नोकरीधंद्याची माणसं संध्याकाळी एका हॉलमध्ये जमून आपणहून पडत होती, आणि त्यांना पाडत होत्या आमच्या वन्सं.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, कुमुदताई. सत्तरीला आलेल्या, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. लग्न होऊन लंडनच्या हाउन्सलो भागात गेल्या, यजमान विमानतळावर नोकरीला होते, ते लवकर गेले, मूलबाळ नाही. गेली कित्येक वर्षं त्या तिकडे ऐकिडो शिकवतात. हा जपानी प्रकार आहे. अंगावर धावून येणाऱ्याशी मारामारी करायची नाही, त्याचाच जोर वळवून त्यालाच जमिनीवर घ्यायचं. आमचे हे म्हणतात, "ताई शिकवते ऐकिडो, पण ऐकत कुणाचंच नाही."

मला पाठवलं होतं ते त्यांना ऐकायला लावण्यासाठीच. लंडनहून आलेल्या कुणीतरी ह्यांच्या कानावर घातलं, की तुमची बहीण हल्ली भिंतीला धरून चालते. झालं. ह्यांनी खालची खोली रिकामी केली, गवंडी बोलावला, खोलीला लागून कमोड बसवून घेतला, भिंतींना पिस्ता रंग दिला आणि मला म्हणाले, "मंगल, तू जा. फोनवर ती माझ्याशी भांडते. तू तिला घेऊनच ये." माझा शिवणक्लास आहे, दिवाळीचे ब्लाउज डोक्यावर बसले होते. तरी गेले. वन्संचा मला लग्नापासून धाक. पण त्या तिथे एकट्या जिन्यात पडून राहिल्या तर, हा विचार माझ्याही डोक्यातून जाईना.

हाउन्सलो

वन्संचं घर विमानांच्या वाटेवर आहे. वाटेवर म्हणजे अगदी वाटेवर. परसात कपडे वाळत घालताना मान वर केली तर विमानाची चाकं मोजता येतात. तिथल्या लोकांना याची इतकी सवय आहे, की बोलता बोलता विमान आलं तर ते वाक्याच्या मध्येच थांबतात, विमान जाऊ देतात आणि पुढच्या शब्दापासून परत सुरू करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, वन्संना मध्येच विसरायला होतंय. मी हळूच ह्यांना कळवायचं ठरवूनही टाकलं. मग शेजारच्या सरदारीणबाईही तशाच थांबल्या, तेव्हा माझी मी शहाणी झाले. चार दिवसांत मीसुद्धा तशी बोलायला लागले. सांगलीत आल्यावर परवा रिक्षा गेली तरी थांबले.

बाजारात मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता सगळं मिळतं, आणि सांगलीपेक्षा हिरवंगार मिळतं. याचा मला जरा रागच आला. मी इतक्या लांबून भडंग, बेदाणे आणि हळद घेऊन गेले होते. हळदीचं पुडकं पाहून वन्सं म्हणाल्या, "कस्टमवाल्यांनी काही विचारलं नाही?" विचारलं होतं. मी "फॉर कोल्ड, फॉर कफ, फॉर मॅरेज" असं सांगून त्या माणसाला निरुत्तर केलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी चहा पिताना मी विचारलं, "वन्सं, तुम्ही या ऐकिडोत शिरलात तरी कशा हो?"

"चुकून," त्या म्हणाल्या.

"चुकून म्हणजे?"

"लायब्ररीच्या बोर्डावर दोन जपानी क्लासचे कागद शेजारी शेजारी लावले होते. एक फुलं मांडायचा, इकेबाना. दुसरा हा. मला फुलांचा हवा होता. ह्यांना जाऊन वर्ष झालं होतं, घर खायला उठायचं. पण मी खोली चुकले. आत गेले तर पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं गुडघ्यांवर बसलेली. मला वाटलं, फुलं मागाहून आणतील. मीही बसले."

"मग?"

"मग एक धिप्पाड बाई आली, तिनं माझं मनगट धरलं आणि मी आडवी."

"आणि तुम्ही तशाच उठून घरी नाही आलात?"

वन्संनी तोंड उघडलं आणि डोक्यावर विमान आलं. त्या थांबल्या. कपबशा किणकिणल्या. विमान गेलं.

"मध्येच उठून जाणं बरं दिसलं नसतं," त्या म्हणाल्या.

मला हसू आवरेना. पण विचार केला तर दुसरं काय होणार होतं? आपल्याकडच्या बायका नको असलेली साडी दुकानदारानं एवढी उलगडून दाखवली म्हणून घेतात, न आवडणारा लाडू यजमानीण समोर उभी आहे म्हणून संपवतात. वन्संनी भिडेपायी पहिला तास काढला, भिडेपायी दुसऱ्या आठवड्यात गेल्या, आणि मग कधीतरी ती भीड संपून आवड लागली, ते त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. फुलं मांडायला त्या अजून शिकलेल्या नाहीत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत फुलदाणीत चमचे ठेवलेले असतात.

ईलिंग

क्लास ईलिंगला, कौन्सिलच्या एका हॉलमध्ये. बसनं जायचं. आमच्या आधी तिथे म्हाताऱ्याकोताऱ्यांचा नाच असतो. आपल्याकडे या वयाची माणसं जपाला बसतात, तिकडे ती जोडीनं वॉल्ट्झ करतात आणि वर केक खातात. ती मंडळी गेली की कपाटातून गाद्या काढायच्या. जाड, हिरव्या, कडक गाद्या, एकीला एक चिकटवून हॉलभर घालायच्या आणि क्लास संपला की परत रचून ठेवायच्या. लग्नघरी वऱ्हाड यायच्या आधी चालते तशी धांदल. मी ओढणी खोचून मदतीला गेले, तर एक उंचापुरा गोरा धावत आला आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून अगदी दुःखी चेहऱ्यानं उभा राहिला. मी चपला घालून गादीवर चढले होते. मीच, जी सांगलीला गिऱ्हाइकांना उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावते.

तो गोरा म्हणजे कॉलिन. हाउन्सलोत बस चालवतो. वन्संचा सगळ्यात जुना शिष्य. एवढा मोठा माणूस, पण वन्संनी नुसता हात हलवला तरी त्याचं अंग आपोआप वळायचं. पांढऱ्या जाकिटावर तो काळा हाकामा नेसतो. हाकामा म्हणजे मोठ्या चुण्यांचा, मध्ये दुभागलेला, पायघोळ परकर. तो फक्त वरच्या पायरीच्या लोकांनी नेसायचा. मी त्याच्या चुण्या हातात घेऊन पाहिल्या. कापड बरं होतं, शिलाई अगदीच कारखानी.

मी हाक मारली, "वन्सं, ही शिलाई बघितलीत का?"

हॉलमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. कॉलिननं मला बाजूला घेऊन विचारलं, की आम्ही त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणतो, तुम्ही वन्सं म्हणता. हे त्याच्याही वरचं पद आहे का?

आता मी इंग्रजीत नणंद कशी समजावणार? आणि खोटं तरी काय सांगायचं? "येस," मी म्हटलं. "व्हेरी हाय. हजबंड्स एल्डर सिस्टर. नो वन अबाव्ह."

त्यानं मान झुकवली आणि ती बातमी घेऊन गेला. क्लास सुरू झाला तेव्हा वीसेक माणसं ओळीनं गुडघ्यांवर बसली, भिंतीवरच्या पांढऱ्या दाढीच्या संस्थापकांना वाकून नमस्कार केला, मग वन्संकडे वळली आणि एका सुरात म्हणाली, "वन्सं." वन्संनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं मी लग्नात मानपानाच्या वेळी एकदा सोसलेलं आहे.

त्या शिकवायला लागल्या आणि मी बाकी सगळं विसरले. अंगणात तांदूळ निवडत बसलेली बाई जशी बसल्या जागी सुपाला झटका देते, तेवढाच त्यांचा झटका, आणि समोरचा माणूस गडगडत चाललेला. ओरडणं नाही, धाप नाही. एखाद्याचं चुकलं की त्या काही बोलत नसत, नुसतं त्याचं कोपर दोन बोटांनी बरोबर जागी नेऊन ठेवत. मीही क्लास घेते. शिकवताना हात किती वळवळतो आणि तोंड किती सुटतं, ते मला ठाऊक आहे. मला त्यांचा अभिमान वाटला.

मग मला म्हणाल्या, "मंगल, ये गादीवर. पडतं घे."

"काय घेऊ?"

"पडतं. भांडणात घेतो ना आपण? तसंच. जमिनीशी भांडायचं नाही. हनुवटी आत, पाठ गोल, आणि पडतं घ्यायचं. इथे पहिलं हेच शिकवतात. पाडायला मागाहून शिकवतात."

तेवीस वर्षांची असताना मी या घरात आले, तेव्हापासून हेच करते आहे. सासूबाई, हे, ह्यांचे काका, दूधवाला. मला ते लगेच जमलं. पंजाबी ड्रेसमध्ये मी अशी काही गोल फिरून बसती झाले, की कॉलिननं टाळ्या वाजवल्या. नैसर्गिक देणगी आहे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "नो, मॅरेज."

क्लासच्या शेवटी पुन्हा सगळे ओळीत गुडघ्यांवर बसले. तिथला रिवाज असा, की गुरू उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. वन्सं हळू आवाजात म्हणाल्या, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. सगळ्यांनी डोळे मिटले. मी पाहुणी, कडेला खुर्चीवर, माझे उघडे. मी पाहिलं तर वन्संनी भिंतीशी टेकवून ठेवलेली लाकडी काठी ओढली, दोन्ही हातांनी ती गादीत रोवली आणि दात आवळून उठायला लागल्या. अर्ध्यात थांबल्या. पुन्हा टेकल्या. पुन्हा उठल्या. चेहरा पांढरा पडला होता. उभ्या राहिल्या, काठी जागेवर ठेवली, जाकीट सारखं केलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "ओपन युअर आईज."

परतीच्या बसमध्ये त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "पाहिलंस तू."

"हो."

"तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. सदा लगेच येऊन उचलून नेईल मला."

"पण वन्सं, दुखतं तर डॉक्टरला तरी—"

"दुखण्याचं काही नाही. आमच्यात नियम आहे. जो आपला आपण पडून उठू शकत नाही, त्यानं गादीवर शिकवू नये. माझ्या बाईंचा नियम. मी स्वतः दोन जणांना याच नियमानं थांबवलंय. चांगली माणसं होती. त्यातला एक रडला माझ्यासमोर." मग म्हणाल्या, "हा क्लास गेला तर मी त्या घरात काय करू, मंगल? विमानं मोजू?"

म्हणजे मी ज्या कामाला आले होते ते एका फोनवर होण्यासारखं होतं. ह्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी सगळ्या गावाला घेऊन भांडण काढलं असतं. मी फोन केला आणि हवापाण्याचं बोलले.

मात्र मला एक दिसत होतं. वन्संचा हाकामा खाली लोळत होता. एवढा पायघोळ, पायात आला तर बाई पडणार कशी नाही? त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी तो घेतला, खालून चारही बाजूंनी चार बोटं आत दुमडला आणि सुबक हातशिलाई करून, इस्त्री फिरवून बॅगेत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही मँचेस्टरला जाणार होतो. तिथे रिया नावाच्या मुलीच्या क्लासमध्ये वन्संना दोन दिवस शिकवायला बोलावलं होतं. नव्या गावात नीटनेटकं दिसायला हवं, असा माझा विचार.

मँचेस्टर

आगगाडीतून बाहेर मेंढ्याच मेंढ्या. मी इतकं हिरवं आणि इतकं ओलं कधी पाहिलेलं नाही. आमच्या समोर बसलेल्या बाईंनी पिशवीतून सँडविच काढलं आणि कुणालाही न विचारता एकटीनं खाल्लं. मी भडंगाचा डबा उघडला आणि रीतीप्रमाणे पुढे केला. त्या लाजल्या, दोनदा नाही म्हणाल्या आणि मग मँचेस्टर येईपर्यंत डबा त्यांच्याच मांडीवर होता.

रिया स्टेशनवर आली होती. ती ईलिंगचीच, आजोबा दादरहून आलेले. लहानपणी वन्संच्या क्लासला होती, आता मँचेस्टरच्या सरकारी इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे आणि संध्याकाळी स्वतःचा क्लास घेते. गादीवर वन्संना सेन्सेई म्हणते, गादीबाहेर कुमुदमावशी. तिच्या मराठीत बाई-पुरुष हा भेद नाही.

"मावशी, माझा गाडी बिघडली, म्हणून ट्रामनी जाऊया. हॉल जवळच आहे, लिटरली टू स्टॉप्स."

"माझी गाडी," वन्सं म्हणाल्या.

"तुझी पण बिघडली?" रियानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी युनिव्हर्सिटीच्या एका हॉलमध्ये पन्नासेक मुलंमुली जमली. निम्मी भारतीय, कॉम्प्युटर शिकायला आलेली आणि घरचं जेवण न मिळाल्यानं सुकलेली. वन्सं कपडे बदलून बाहेर आल्या आणि मी मान डोलवली. हाकामा घोट्याच्या वर, झकास बेतात. वन्सं खाली बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण पन्नास माणसं ओळीत बसलेली, आता काय करणार?

तास सुरू झाला. रिया पुढेच होती. पाचेक मिनिटांत तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती वन्संच्या हातांकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. मी पण बघितलं. डावा पाय सरळ पडत होता आणि उजवा ओढत येत होता, बाहेर वळलेला, फटकन. हाकामा पायघोळ असतो तो पाय झाकायलाच, म्हणजे समोरच्याला तुमची चाल कळू नये, हे मला नंतर कळलं. वन्संनी ती चाल दोन वर्षं त्या काळ्या कापडाखाली झाकून ठेवली होती आणि मी सुईदोऱ्यानं ती उघडी पाडली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

जेवणाच्या सुट्टीत रियानं त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"मावशी, किती दिवस हे? पेन रात्री पण असते?"

"असतो."

"मला आधी का नाही सांगितला? मी रोज हेच बघते, दिस इज माय जॉब."

"तू मला शिकवू नकोस," वन्सं म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत दोघी माझ्यामार्फत बोलत होत्या. मी मध्ये बसून "रिया म्हणते पाणी हवं का" आणि "मावशी म्हणतात नको" असं करत होते.

परत निघालो तेव्हा झिमझिम चालू होती. ट्रामच्या फलाटावर झाडाची पानं पडून पार चिखल झाला होता. रिया मागे, वन्सं माझ्या जरा पुढे, हातात विद्यार्थ्यांनी दिलेला बिस्किटांचा डबा. त्यांचा पाय सरकला. मी ओरडायच्या आत त्या हवेत वळल्या, खांदा गोल करून फलाटावरून गडगडल्या आणि बसत्या झाल्या. डबा छातीशी धरलेला, झाकणसुद्धा निघालं नव्हतं. फलाटावरच्या दोन पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक टोपीवाला आजोबा वाकून म्हणाला, "यू ऑलराइट, लव्ह?"

"परफेक्टली, थँक यू. जस्ट रेस्टिंग," वन्सं म्हणाल्या.

तो बरं म्हणाला आणि ट्राममध्ये चढला. ट्राम गेली. पाऊस वाढला. वन्सं तशाच बसलेल्या. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

"लागलं का हो?"

"छे. कुठे लागतंय? उत्तम पडले." मग त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "पडायला येतं गं, मंगल. उठायला येत नाही."

मी आणि रियानं दोन्हीकडून धरलं. रियानं मला नुसतं ओढू दिलं नाही; हात कुठे घालायचा, त्यांनी कुठला पाय आधी टेकायचा, सगळं सांगत सांगत उभं केलं. दुसऱ्या दिवशीचा क्लास तिनं घेतला आणि त्याआधी सकाळीच ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन एक्स-रेचा फोटो काढला. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात ती काळा फोटो खिडकीला धरून उभी राहिली.

"मावशी, तुझा उजवी खुबा संपली."

"उजवा. संपला."

"संपला. ऑपरेशन करावा लागेल, ते होईल, नंतर चालशील पण. बट, तू आता पडायचा नाही."

"पडायचं नाही."

"येस. पडायचं नाही."

वन्संच्या आता लक्षात आलं. व्याकरण सुधारता सुधारता त्या स्वतःच्याच तोंडून बोलून बसल्या होत्या. रिया जवळ आली आणि तिनं मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी भाताचा कुकर बंद करायला उठले.

पुन्हा ईलिंग

लंडनच्या गाडीत मी हाकाम्याबद्दल माफी मागायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, "शिलाई सुंदर होती. उसवू नकोस." मग खिडकीबाहेर बघत, "गुरुवारी कॉलिनला गादी देते. नियम तो नियम. मग काय, चल, येते तुझ्या सांगलीला."

मी जिंकले होते. घरी पोचल्यावर ह्यांना फोन लावला. हे इतके खूश झाले, की त्याच दिवशी जाऊन पलंग घेऊन आले, कठड्याचा. मी खूश व्हायला हवं होतं. पण वन्सं घरात हिंडून कुठली कुंडी कुणाला द्यायची ते सांगायला लागल्या, आणि माझ्याच्यानं त्या कुंड्यांकडे बघवेना. जेवताना त्यांनी विचारलं, "खोलीला रंग कसला दिलाय सदानं?"

"पिस्ता."

"पिस्ता," त्या म्हणाल्या. तेवढ्यात विमान आलं. ते गेल्यावर त्या पुढे काही बोलल्याच नाहीत.

गुरुवारी हॉल भरला होता. रिया सुट्टी टाकून आली होती. गाद्या घालून झाल्या, नमस्कार झाले. क्लास वन्संनी घेतला नाही, आल्या आल्याच ओळीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि साध्या इंग्रजीत सांगायला लागल्या. की मी रोज शेवटी तुम्हाला डोळे मिटायला सांगते. तुम्हाला वाटतं ध्यान आहे. ध्यान नाही. तुमचे डोळे मिटलेले असताना मी काठी धरून उठते. आज डोळे उघडे ठेवा.

आणि त्या उठायला लागल्या. काठी नाही, काही नाही. एक पाय पुढे घेतला, तो बाहेर सरकला. पुन्हा घेतला. गादीवर हात टेकला. गुरू उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, त्यामुळे वीस माणसं गुडघ्यांवर बसून बघतायत, आणि ती एवढीशी बाई त्यांच्यासमोर धडपडतेय. कॉलिनच्या मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या. मी खुर्चीच्या कडेवर आले होते. मला जायचं होतं. माझ्यावर कुठला नियम? पण वन्संनी माझ्याकडे न बघताच हाताचा पंजा दाखवून मला बसवलं.

शेवटी त्या थांबल्या. घाम पुसला. "कॉलिन," त्या म्हणाल्या, "हेल्प मी अप."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी मदत मागितली नव्हती. तो आला आणि घाबरून त्यांना असा दोन्ही हातांवर उचलायला गेला, जसा काही अंड्यांचा ट्रे. "मी गाठोडं आहे का?" वन्सं मराठीतच खेकसल्या. ते त्याला न सांगता कळलं. रिया पुढे झाली, एक खुर्ची ओढून आणली आणि कॉलिनला दाखवलं: खुर्चीवर हात, चांगला गुडघा पुढे, श्वास सोडत वर. वन्सं उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, हे फार बरं केलं. त्यांनी कॉलिनला आपल्या जागेवर बसवलं, त्याला वाकून नमस्कार केला, आणि काठी टेकत माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांचा हात गार पडला होता. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरला आणि त्यांनी धरू दिला. असं कधी झालेलं नव्हतं.

कॉलिन समोर बसून राहिला. काय शिकवावं ते त्याला सुचेना. घसा खाकरला, गुडघे चोळले. मग म्हणाला, की पडायचं आपल्या सगळ्यांना येतं, ते आपल्याला फार चांगलं शिकवलं गेलं आहे. उठायचं मात्र मलाही नीट येत नाही, माझाही गुडघा कुरकुरतो. आज तेच करू. रिया सांगेल.

आणि ती सगळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची माणसं उठायला शिकू लागली. दोघांदोघांत एक खुर्ची. एकानं पडायचं, दुसऱ्यानं हात न ओढता त्याला उठतं करायचं. ते दिसायला फार विचित्र होतं. कुणी शेळीसारखं चार पायांवर, कुणी अर्ध्यात अडकलेलं, एक जण तर खुर्चीसकट कलंडला. हळूहळू हॉलमध्ये हसणं सुरू झालं. वन्सं सुरुवातीला नुसत्या बघत होत्या. मग पुटपुटायला लागल्या, "हा पाय चुकला. अरे, श्वास सोड आधी." मग माझा हात सोडवून उठल्या.

"कुठे निघालात?"

"नियम शिकवणाऱ्याला आहे," त्या म्हणाल्या. "शिकणाऱ्याला कुठला नियम?"

ओळीत बसायचा तिथे क्रम असतो, वरच्या पायरीचे एका टोकाला, नवशिके दुसऱ्या. वन्सं काठी टेकत त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथे दोन आठवड्यांपूर्वी आलेला एक कॉलेजातला मुलगा बसला होता. त्याच्याही पलीकडे, शेवटच्या जागी, त्यांनी स्वतःची खुर्ची मांडली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. कॉलिननं पाहिलं. त्याचा चेहरा रडका झाला, पण तो रीतीनं त्यांच्यासमोर येऊन बसला, नव्या माणसासमोर बसतात तसा, आणि वाकला.

"फर्स्ट टाइम?" त्यानं विचारलं.

"येस," वन्सं म्हणाल्या.

मला रडू फुटलं. बाईला घरी न्यायला आले होते, ते आता होणार नव्हतं, याचं वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकदमच डोळ्यांतून येत होतं. शेजारच्या कुणीतरी मला कागदी रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाउन्सलोहून ह्यांना फोन लावला. ह्यांचं सगळं ठरलेलं होतं. "मुंबईला गाडी घेऊन मी स्वतः येतो. ताईला पुढच्या सीटवर बसवू. तिकीट कधीचं काढलंत दोघींनी?"

"एकच काढलंय," मी म्हटलं. "वन्सं येत नाहीत."

"का? आता काय झालं?"

"त्यांनी क्लासला नाव घातलंय."

"या वयात? कसल्या क्लासला?"

"उठायच्या," मी म्हटलं.